चढावर आक्का रागवायची

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढेत अडकलेला मटणाचा धागा काढत होते. अशा वेळी माणसानं काहीतरी भारदस्त करत असावं, पण नाही... आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. उद्यमनगरातलं वडिलांचं गॅरेज तिनं म्हातारपणापर्यंत चालवलं. जाण्याआधी तिची मोटारसायकल माझ्या नातीला, ऋचाला, देऊन गेली.

लग्नानंतर मी मोपेड शिकले आणि अंगात वारं शिरलं. जास्त ऑक्टेनचं महागातलं पेट्रोल भरून गल्लीभर सांगत सुटले, गाडी आता उडते म्हणून! आक्कानं हात पुसत ऐकून घेतलं. "सुमे, शेळीला पेंड चारली म्हणून तिची म्हस हुतीया व्हय? ऑक्टेन म्हंजे जोर न्हवं. दाब सोसायचा, आन् आपली पाळी येईस्तोवर पेटायचं न्हाय. तुझ्या मोपेडला कसला आलाय दाब!" मी आठवडाभर फुगून बसले. मलाही ऑक्टेन कमीच होतं.

स्वतःच्या मोटारसायकलीच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, मात्र तिनं तासून घेतलेलं. आतला दाब वाढला, ठिणगीची वेळही तिनं अलीकडं आणून बसवली. त्या गाडीला भारीतलंच पेट्रोल लागायचं. साधं पेट्रोल ज्योत पोचायच्या आत दाबानंच पेटून उठतं, आणि चढावर इंजिन टणटणतं.

हे ऋचाला कुठलं माहीत? तिनं साधं भरलं. मला मागं बसवून पन्हाळ्याच्या चढाला लागली आणि इंजिनातून टणटण सुरू झाली... आक्का रागावली की पाना टेबलावर आपटायची, थेट तशी. मी मागं वळून बघितलं. रस्ता मोकळा.

मग दर रविवारी मीच म्हणायची, "चल की गं पन्हाळ्याला." आणि पंपावर, "साधंच घाल." चढ आला की कान देऊन बसायची. "व्हय बाई, चुकलं," असं पुटपुटायचीसुद्धा. पोरीला वाटायचं, आजीला गडावरची झुणका-भाकर आवडते.

गेल्या रविवारी तिनं गाडी कडेला घेतली. "आजी, मी गॅरेजात विचारलंय. असंच वाजत राहिलं तर पिस्टन फुटंल. ठिणगीची वेळ मागं घेतो म्हणत्यात, मग साधं चालंल."

"आक्कानं बसवलेल्याला हात लावायचा न्हाय!"

"मग भारीतलं भरू?"

म्हणजे आवाज दोन्हीकडून जाणारच होता. टाकी तळाला गेली होती. पंपावर शेवटी मीच म्हटलं, "पावणं, भारीतलं घाला. फुल्ल."

चढ आला. ऋचानं मूठ पिळली. इंजिन एका दमात, मुकाट वर निघालं. एक वळण... दुसरं... आक्का काहीच बोलली नाही.

वर पोचल्यावर ऋचानं गाडी बंद केली. "आजी, सोड की आता. दुखतंय."

मी तिची कंबर आवळून धरली होती.