टर्नरचा राजीनामा

पोलिसाच्या नोकरीत हजारो चेहरे पाहिले आणि बहुतेक विसरलो. त्या टर्नरचा चेहरा मात्र विसरता आलेला नाही, कारण त्या प्रकरणात मी जवळजवळ चुकलो होतो.

माझ्या निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. धायरीतल्या एका छोट्या कारखान्याने काही कामगार कमी केले. त्यात हा पन्नाशीचा टर्नर, म्हणजे लेथ मशीनवरचा कारागीर, होता. मार्केट यार्डाजवळच्या एका गल्लीत तीन पिढ्या राहणारं मुसलमान कुटुंब, घरात कमावणारा हा एकटा. पगारातून विम्याची कपात होत असल्यामुळे नोकरी गेल्यावर काही महिने त्याला बेरोजगार भत्ता मिळणार होता. त्याने अर्ज केला आणि कामावरून कमी केल्याचं कारखान्याचं पत्र जोडलं. विमा कार्यालयाने चौकशी केली, तेव्हा कंपनीने कळवलं की हे पत्र बनावट आहे, या माणसाने स्वतःहून राजीनामा दिला आहे. राजीनामा देणाऱ्याला भत्ता मिळत नाही. अर्ज अडकला.

पाठोपाठ कंपनीचा व्यवस्थापक बनावट पत्राची तक्रार घेऊन आमच्या ठाण्यात आला. हा कर्वेनगरच्या मुख्य कार्यालयात बसणारा. फाइल अगदी नीटनेटकी, टर्नरच्या सहीचा राजीनामा वरच लावलेला. आमच्याकडे लोक चुरगाळलेले कागद घेऊन येतात, त्यामुळे हा गृहस्थ मला फारच पसंत पडला. मी टर्नरला आणायला सकाळीच, सगळ्या गल्लीदेखत, दारात जीप पाठवली. फोन करूनही बोलावता आलं असतं, पण ते सुचलं नाही.

दोन तास मी त्याला फैलावर घेतलं. तो गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसला होता. सही त्याचीच असल्याचं त्याने लगेच मान्य केलं, राजीनामा मात्र आपला नाही म्हणाला. कामावर लागताना दोन-तीन कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या, एवढंच त्याचं सांगणं. पुरावा काहीच नव्हता.

“सही तुमची आणि मजकूर दुसऱ्याचा. भुताने टाइप केला का?” मी म्हणालो.

तो चिडला नाही. त्याने एवढंच विचारलं, “साहेब, गुन्हा दाखल झाला तर भत्ता जाईलच. पण मग या वयात मला दुसरीकडे तरी कोण कामावर घेईल?”

त्याला घरी पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी गुन्हा दाखल करायचं मनाशी ठरवलं.

आमचा एक हवालदार मूळचा धायरीचा, शेतकरी घरातला. कागद नस्तीला लावताना तो थबकला. राजीनाम्यावरची तारीख त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिली.

“साहेब, ह्यो गुरुवार हाय.”

“मग?” मी वैतागून विचारलं.

“आमच्याकडं कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असती. त्या दिवशी तिथली चहाची टपरीबी उघडत न्हाई.”

मुख्य कार्यालयाला सुट्टी रविवारची. तिथे बसून कुणी तारीख टाकली असेल, तर त्याला गुरुवार हा कामाचाच दिवस वाटणार. पण राजीनामा काय, माणूस सुट्टीच्या दिवशी घरी बसूनही लिहील. म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यातून फाटकावरची नोंदवही ताब्यात घेतली आणि व्यवस्थापकाला जबाबासाठी बोलावलं. चहा दिला. राजीनामा कुठे दिला, कुणासमोर, सगळं सावकाश विचारलं. त्याच तारखेला, कारखान्यातच, आपल्याच हातात दिला, असं तो ठामपणे म्हणाला. मशिनी सुरू होत्या, पूर्ण पाळी भरली होती, टर्नरने तेलकट हात पुसून सही केली, हेही त्याने आपणहून सांगितलं. जबाब वाचून दाखवला, त्यावर त्याची सही घेतली. मग नोंदवही उघडून त्याच्यापुढे ठेवली. त्या तारखेखाली पहारेकऱ्याने लिहिलं होतं, साप्ताहिक सुट्टी.

“अहो, मग ही पूर्ण पाळी आपण एकट्यानेच चालवलीत का?” मी विचारलं.

त्याने पाणी मागितलं. तासाभरात सगळं बाहेर आलं. कामगार कमी केले म्हटलं की भरपाई द्यावी लागते, राजीनामा असला की लागत नाही. कोरे कागद कपाटात तयारच होते. कामावरून कमी केल्याचं पत्र खरं होतं, कारखान्यातल्या पर्यवेक्षकाने ते दिलं होतं. गुन्हा दाखल झाला, पण व्यवस्थापकावर. मी विमा कार्यालयाला त्याच दिवशी अहवाल पाठवला आणि पुढे भत्ता मंजूर झाला.

तपास हवालदाराने वाचवला, मी नव्हे. मला स्वतःची लाज वाटली आणि आजही वाटते. नीटनेटका कागद दिसला म्हणून मी त्यावर विश्वास ठेवला आणि समोर बसलेल्या माणसावर ठेवला नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, आधी फोन केल्याशिवाय मी कुणाच्या दारी जीप पाठवली नाही.

अहवालाची प्रत द्यायला मी स्वतः निघालो, तेव्हा टर्नरला तसा फोन केला. झाल्या प्रकाराबद्दल माफी मागितली. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करून चालत येतो, म्हणजे लोकांची चर्चा नको, असं मी म्हणालो.

“नको साहेब,” तो म्हणाला. “गाडी दारासमोरच लावा. त्या दिवशी तिथेच लावली होती. आणि आत येऊन चहा घ्या, दार उघडं ठेवतो.”