बिनदुर्बिणीचे पाच बार

क्लबचं पत्र आलं तेव्हा मी पोळ्या करत होते. नवऱ्यानं ते फोडलं, वाचलं आणि फ्रिजवर चुंबकाखाली लावून टाकलं. हा माणूस वाईट बातमी अशीच देतो. मी पिठाच्या हातांनीच ते ओढून घेतलं. यंदाच्या हिवाळी शिकारीपासून ठासणीच्या बंदुकीवर दुर्बीण चालणार नाही. मोठं दाखवणारी नाही, न दाखवणारीही नाही, बंदुकीवर काच म्हणून असता कामा नये. आणि शिकारीला यायचं असेल तर आधी रेंजवर पन्नास मीटरवरच्या लोखंडी थाळीवर पाच बार टाकायचे. तीन लागले तर नाव यादीत, नाहीतर घरी बसा.

मी इतकी भडकले की तव्यावरची पोळी करपून गेली.

दोन हजार सालानंतरची ती पहिली पाच-सहा वर्षं. आम्ही ऑकलंडच्या दक्षिणेला, हॅमिल्टनला राहत होतो. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, आणि मी 'ते रापा' नावाच्या उपनगरातल्या दूध कारखान्याच्या प्रयोगशाळेत. तिथली एक सहकारी मला एका रविवारी तिच्या क्लबमध्ये घेऊन गेली होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी गजानं ठासायची, ठिणगी पाडणारी टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. पहिल्या बारालाच एवढा पांढराशुभ्र धूर झाला की समोरची टेकडी गायब! मी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू टू रायफल मारली होती, पण ती म्हणजे नुसतं टिक-टिक. हे काहीतरी निराळंच होतं. वर्षभरात लायसन्स काढलं, जुनी बंदूक घेतली, आणि तिच्यावर चांगल्यातली दुर्बीण बसवली. गेल्या हिवाळ्यात पश्चिमेकडच्या डोंगरातल्या एका शेतावर पहिला रानबोकड मारला. त्या शेतकऱ्याला बोकड म्हणजे उपद्रव. झाडं खातात, कुंपणं मोडतात, न्या मारून, म्हणतो.

पत्राचा एवढा राग यायचं कारण मात्र सासूबाई होत्या. कोल्हापूरकडच्या गावातून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या आणि पाच महिने त्यांनी मटण असं खाल्लंच नव्हतं. इथं मिळतं ते मेंढराचं कोकरू. पहिल्याच घासाला त्यांनी ताट सरकवलं होतं. "वास येतोय," म्हणाल्या. ऑकलंडला माउंट रॉस्किलच्या दुकानातून मी गोठवलेलं बोकड आणलं, तर ते बघून म्हणाल्या, "हे बर्फात मेलंय व्हय?" घरी दहा-बारा पाहुणे जेवायला बसलेले असताना हे झालं. माझं डोकं फिरलं आणि मी सगळ्यांसमोर बोलून गेले, "आई, परत जायच्या आधी तुम्हाला ताज्या बोकडाचं मटण घालीन. मी स्वतः मारून आणीन."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "कवळा बघ हं," एवढंच म्हणाल्या.

आता त्यांचं विमान तीन आठवड्यांवर आलं होतं. शिकार त्याच्या आठवडाभर आधी, आणि रेंजची परीक्षा त्याच्या आधीच्या शनिवारी. पाच बारांवर माझा शब्द टांगलेला!

मी क्लबच्या सेक्रेटरींना फोन लावला. ते सत्तरीचे म्हातारे गृहस्थ, आवाज कायम शांत. मी तोफखाना सुरू केला. नियम कुणी केला? का केला? त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, दुर्बिणी लावून लोक फार लांबून मारायला लागले, जनावर जखमी होऊन पळतं, ठासणीच्या बंदुकीला दुसरा बार लगेच नसतो. जवळ जायचं, नीट मारायचं, म्हणून हा नियम. कारण पटण्यासारखं होतं, त्यामुळे मला आणखीच राग आला. "मग नाकावरची काच चालेल का?" मी तिरकस विचारलं. "नाकावर असेपर्यंत स्वीट ॲज," ते म्हणाले, म्हणजे इथल्या बोलीत खुशाल चालेल.

दुसऱ्या दिवशी कामावरून थेट बंदुकांच्या दुकानात. दुकानदारानं काउंटरवर तीन प्रकार मांडले. पहिला जुन्या पद्धतीचा, मागे खाच आणि नळीच्या टोकाला पितळेची माशी, म्हणजे नेम धरायचा बारीक दाणा. दुसरा तसाच, पण खाचेला दोन हिरवे चमकते ठिपके आणि माशीला एक लाल. तिसरा होता एक छोटी चकती, मधे भोक, डोळ्याच्या अगदी जवळ बसवायची. ती मी हातातसुद्धा घेतली नाही. एवढ्याशा भोकातून काय डोंबल दिसणार? मला ते हिरवे-लाल ठिपके आवडले. दिवाळीच्या माळेसारखे झगमगत होते. दुकानदारानं ते बसवून दिले आणि मी शीळ घालत घरी आले. नवरा म्हणाला, "आज स्वारी खुशीत?" मी म्हटलं, "तीन कशाला, पाचही लावते बघ."

त्या शनिवारी रेंजवर वीस बार टाकले. थाळीला चार लागले.

झालं असं होतं की नेम धरताना मागची खाच, पुढची माशी आणि लांबची थाळी, तिन्ही एका ओळीत दिसायला लागतात. आणि माझं वय सेहेचाळीस. थाळी दिसली की खाच म्हणजे धुकं. नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा होता, वरून लांबचं आणि खालून जवळचं दाखवणारा. मान वर केली की खाच स्वच्छ, खाली केली की थाळी स्वच्छ, दोन्ही एकदम म्हणून नाही. मी कोंबडीसारखी मान वरखाली करत होते. ते चमकते ठिपके तर धुक्यातल्या मोटारीच्या दिव्यांसारखे फुगून पसरायचे. आजवर दुर्बिणीनं मला माझं वय कळू दिलं नव्हतं. गाडीत बसून मी रडले, खरंच रडले. शब्द गेला म्हणून आणि डोळे गेले म्हणून, दोन्हीसाठी.

त्यानंतर दोन दिवस मी सगळ्यांवर खेकसत होते. मंगळवारी सकाळी डबा भरत असताना सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. हातात रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट. त्यांचा चष्मा नेहमीसारखा सापडत नव्हता. मी म्हटलं, "थांबा आई, शोधते."

"कशाला शोधाय पायजे?" म्हणाल्या. त्यांनी उजव्या हाताची मूठ वळली, करंगळीच्या बाजूनं बारीकसं भोक ठेवलं, मूठ डोळ्याला लावली आणि पाकिटावरची मुंगीएवढी अक्षरं घडाघडा वाचली. मग खिडकीशी जाऊन त्याच मुठीतून रस्त्यापलीकडच्या डेअरीची, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची, पाटीही वाचून दाखवली.

माझ्या हातातलं डब्याचं झाकण खाली पडलं. मी जन्मभर प्रयोगशाळेत काम केलेली बाई! बारीक भोकातून जवळचं आणि लांबचं दोन्ही स्वच्छ दिसतं, हे मला शाळेत शिकवलेलं होतं. एनसीसीच्या रायफलीला अशीच भोकाची चकती असायची, तिच्यातूनच मी नेम धरत होते. पण एकोणिसाव्या वर्षी मला तिची गरज नव्हती, म्हणून ती कशाला असते हे मी कधी विचारलंच नाही. मीही मूठ वळून कॅलेंडर वाचलं, भिंतीवरचं घड्याळ वाचलं, खिडकीबाहेर शेजाऱ्याच्या गाडीचा नंबर वाचला. सगळं लख्ख! मी सासूबाईंना मिठीच मारली. त्या आधी घाबरल्या, मग म्हणाल्या, "काय झालं गं? कामाला जायचं न्हाई व्हय आज?"

संध्याकाळी दुकानात जाऊन निमूटपणे तिसरा प्रकार मागितला. दुकानदार हसला नाही, हे त्याचे उपकार. चकत्या दोन मिळाल्या, आणि पुढे लाल ठिपक्याऐवजी साधी काळी माशी. एक बारीक भोकाची, नेमासाठी उत्तम. दुसरी मोठ्या भोकाची, झाडीत, कमी उजेडात वापरायची. तो म्हणाला, परीक्षेला बारीकच लाव. पण माझ्या डोक्यात सासूबाईंची मूठ होती. पाकीट वाचताना त्यांनी ती घट्ट आवळली होती, आणि ढगाळ आभाळाखालची पाटी वाचताना थोडी सैल सोडली होती. मी दोन्ही घेतल्या. शुक्रवारपर्यंत रोज कामावरून लवकर सुटून रेंजवर जायचे आणि दोन्हींचा नेम बसवायचे. मागच्या चकतीकडे बघायचंच नाही, तिच्यातून बघायचं. फक्त माशी बघायची आणि ती थाळीवर ठेवायची. इतकं सोपं होतं की मला मोठमोठ्यानं हसू यायचं.

परीक्षेच्या शनिवारी नवरा माझ्याबरोबर निघाला, तर सासूबाई म्हणाल्या, "मी बी येतो की." नऊवारी, त्यावर नवऱ्याचं फुगलेलं जाकीट, पायात माझे गमबूट. सेक्रेटरींनी "किया ओरा" असं माओरी भाषेत स्वागत करून त्यांना खुर्ची दिली. सासूबाईंनी नमस्कार केला आणि राणीसारख्या बसल्या.

माझा नंबर शेवटचा होता. तोवर आभाळ भरून आलं आणि भुरभुर सुरू झाली. पहिला बार टाकला. धूर तसाच समोर लोंबकळत राहिला, पण पलीकडून टण्ण ऐकू आलं. लागला! दुसऱ्याला काहीच नाही. तिसऱ्याला नेम धरते तर माशी दिसेना, सगळं पाणी-पाणी. घाईत चाप ओढला. तोही गेला. चकतीकडे बघते तर भोकात पावसाचा एक थेंब भिंगासारखा बसलेला. म्हणजे मी नियमाविरुद्ध काच लावूनच बार टाकला होता, आणि तोही फुकट गेला!

आता उरलेले दोन्ही लागायलाच हवे होते. मागे वळून बघितलं तर सासूबाई मूठ डोळ्याला लावून थाळीकडे बघत होत्या. मूठ सैल होती. मी बारीक चकती काढली आणि मोठी बसवली. नवरा मागून म्हणाला, "अगं, आता बदलू नकोस." मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. फुंकर मारली, नेम धरला. मोठ्या भोकात उजेड भरून आला आणि माशी काळीभोर उठून दिसली. टण्ण!

पाचवा बार ठासायला मी मुद्दाम वेळ घेतला. दारू, गोळी, गज, टोपी, फुंकर. श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला. धुराचा लोट उठला. आवाज आला की माझ्याच कानात वाजलं ते कळेना. धूर हलेना. मग धूर जरा फाटला आणि थाळी साखळीवर झोके खाताना दिसली. मी बंदूक बाकावर ठेवली आणि चिखलात नाचले. सेक्रेटरींनी वहीत माझं नाव लिहिलं, दोनदा खाली रेघ ओढली.

मी धावत सासूबाईंकडे गेले. "आई, बोकड पक्का!"

त्या मात्र माझ्याकडे बघत नव्हत्या. उठून बाकाशी गेल्या आणि बंदुकीच्या दस्त्यावर हात ठेवला. "आमच्या अप्पांची अशीच हुती," म्हणाल्या. "ठासणीची. भिंतीवर असायची. मी शेणानं भुई सारवायची, दारूचा डबा पुसून ठेवायची. भावाला बारा वर्षांचा असताना बार उडवू दिला. मी थोरली, तर मला म्हणाले, पोरींनी हात लावायचा न्हाई." मग माझ्याकडे बघून अगदी हळू, "एक उडवू?" म्हणाल्या.

मी सेक्रेटरींना सांगितलं. काय सांगितलं आठवत नाही. त्यांनी होकारार्थी मान हलवली. दारू निम्मी घातली, नळी वाळूच्या पिशवीवर टेकवली आणि ते एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला उभे राहिलो. सासूबाईंनी पदर खोचला, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि भोकाला डोळा लावला. इतका वेळ लावला की मला वाटलं, भीती वाटतेय. भीती कसली! एकदम बार उडाला. त्या धुरात हरवल्या आणि धुरातून खोकत, हसत बाहेर आल्या. थाळीला लागला का, हे आम्ही कुणी बघितलंच नाही.

पुढच्या शनिवारी मी डोंगरातून कोवळा बोकड आणला. चाळीस पावलांवरून, एका बारात. सासूबाईंनी स्वतः मसाला वाटला, तांबडा-पांढरा दोन्ही रस्से केले आणि पहिल्यांदाच दोनदा वाढून घेतलं. मी सुखावले. शब्द पाळला होता.

जेवण झाल्यावर त्यांनी गावाला भावाला फोन लावला. मी भांडी घासता घासता कान टवकारले, माझ्या बोकडाचं कौतुक ऐकायला. तिकडून त्यांनी विचारलं असावं, मटण कसं होतं.

"मटण? हां, बरं हुतं," सासूबाई म्हणाल्या. "ते ऱ्हाऊ दे. तू आधी बस खाली. बसलास? आता ऐक. मी बार उडीवला!"