गुंडीकाकूंची मूठ

लेकराला कुणी "बोटांवर मोजू नकोस" म्हटलं, की गुंडीकाकूंची शिलाई मशीन थांबायची. "देवानं दहा बोटं देल्ले, ते काय भाजीत टाकू?" असं त्या इतक्या मोठ्यानं विचारत, की गिऱ्हाईक मापाचं ब्लाउज तिथंच विसरून जाई.

आर्णीत त्या आमच्या शेजारी कपडे शिवायच्या. माझी पाच वर्षांची मुक्ता दुपारभर त्यांच्याकडे असे. काकू तिच्यापुढे दहा गुंड्या मांडत, तिला डोळे मिटायला लावत आणि काही गुंड्या मुठीत लपवत. "सात दिसून राह्यल्या. मुठीत किती?" मुक्ता चुकली तरी त्या उत्तर सांगत नसत, फक्त मूठ उघडत. "पाह्य तूच." कधी मुक्ता लपवायची आणि काकू मुद्दाम चुकायच्या. मग पोरगी खोलीभर नाचायची.

त्याच पोरीला शाळेत बोटांवर मोजलं म्हणून तासभर उभं केलं. डायरीत शेरा आला, 'गणितात मंद.' दुसऱ्या दिवशी ती दोन्ही हात फ्रॉकच्या खिशात घालून बसली. काकूंनी ते पाहिलं आणि पायात चप्पल सरकवली.

"चाल माह्यासंगं. पोरीलेही घे."

शाळेतल्या बाईंनी गुंड्यांच्या खेळाबद्दल काकूंचं सगळं ऐकून विचारलं, "तुमचं शिक्षण?"

"चौथी."

बाई हसल्या. "मग आम्हाला शिकवू नका. ते खेळ बंद करा, मुलगी सुधारेल."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी पदवीधर बाई. मान खाली घालून "हो मॅडम" म्हणाले.

बाहेर आल्यावर काकू एवढंच बोलल्या, "मले हासली त्याचं काही नाही. पोरगी तुह्या तोंडाकडे पाहून राह्यलती वो."

तरी त्या दुपारी त्यांनी गुंड्या मांडल्याच. खिशातले हात बाहेर यायला महिना लागला. पुढे काकू लेकीकडे वणीला राहायला गेल्या.

यंदा त्याच शाळेत 'खेळातून गणित' असा मेळावा झाला. त्याच बाई रंगीत मणी मुठीत लपवून पालकांना दाखवत होत्या आणि पालक टाळ्या वाजवत होते. माझं डोकं फिरलं. मी उठून सगळ्यांसमोर म्हटलं, "हा खेळ चौथी शिकलेली एक बाई इथं सांगायला आली होती. तुम्ही तिला हसलात आणि मी 'हो मॅडम' म्हणाले." बाई घोटभर पाणी प्यायल्या आणि त्यांनी पुढचा खेळ सुरू केला.

घरी येऊन मी काकूंना फोनवर सगळं सांगितलं.

"लेकरं खुश दिसले काय वो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग झालं ना."

त्यांचं झालं. मी मात्र अजून त्या बाईंना माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही.