कंडेन्सरला लावलेलं हळदकुंकू

यंदा खंडेनवमीला झेंडूचा वास आला आन् ती सकाळ आठवली. तेव्हा मी आणि कंपनीतला एक दोस्त तळवड्याच्या माझ्या खोलीत फुकटची वीज काढायच्या नादी लागलो होतो. भंगारातले, वीज साठवून ठेवणारे मोठे कंडेन्सर जोडलेले. प्लग काढला म्हणजे वीज गेली, एवढीच आमची अक्कल. बायको हत्यारांना हळदकुंकू लावत आली. "माझ्या या सवतीलाबी लावते," म्हणत तिनं ओली बोटं कंडेन्सरच्या दोन्ही टोकांना टेकवली. फाडकन आवाज झाला, ती मागं कोसळली. "राव, प्लग तर काढलाय!" दोस्त ओरडत राहिला. मी तिला हात लावायलाबी भ्यालो. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले. जगली, पण ती बोटं कायमची बधिर झाली. भाकरी उलटताना चटका बसलेला तिला कळायचा न्हाई. ती भाकरी मी रोज खाल्ली, पण माझं चुकलं एवढं कधी बोललो न्हाई. आता बोलावं तर ती न्हाई.