फूटपट्टीसकट फोटो

माझा धाकटा भाऊ ठोकलेल्या गाड्यांचे फोटो काढतो. विमा कंपनीत सर्व्हेअर आहे. दार किती चेपलं, काच कुठून तडकली ते बघायचं, शेजारी फूटपट्टी धरायची आणि फोटो घ्यायचा. फूटपट्टी नसेल तर नुकसान केवढं ते ऑफिसात बसलेल्या साहेबांना कळत नाही म्हणे. ती छोटी फूटपट्टी त्याच्या शर्टाच्या खिशातून सदैव डोकावत असते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. हा तिच्यासकटच जन्मला असावा असं मला हल्ली वाटायला लागलंय.

कॉलेजात असताना हाच मुलगा गळ्यात कॅमेरा अडकवून दिवसभर भटकायचा. माझा केस वाळवतानाचा एक फोटो त्याने तेव्हा काढला होता. मी कधीकाळी बरी दिसायचे याचा तेवढा एकच पुरावा शिल्लक आहे, म्हणून तो भिंतीवर लावलाय. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, पाठोपाठ दोन मुली झाल्या आणि कॅमेरा जुन्या स्वेटरात गुंडाळून कपाटावर गेला. निदान पोरींचे तरी फोटो काढ, असं मी म्हणायचे. तर म्हणायचा, दिवसभर तेच करतो गं, घरी नको.

मग एका रविवारी कपाटाचा आरसा फुटला. थोरली म्हणाली धाकट्या चिमणीने फोडला, चिमणी म्हणाली थोरलीने. निवाडा करायचा म्हणून याने सवयीने फूटपट्टी लावून मोबाइलवर फोटो घेतला, आणि बघतच राहिला. तडकलेल्या काचेत दोघींचे तुकडे तुकडे झालेले चेहरे एकमेकींशी भांडत होते. निवाडा राहिला बाजूला, हा स्टुलावर चढून कॅमेरा काढायला लागला. नंतर मी विचारलं, तुला झालं तरी काय? तर म्हणे, मलाच कळलं नाही.

त्यानंतर सुरूच झालं. भिंतीवरच्या रेघोट्या, दातांचे ठसे उमटलेला साबण, मुंडकं उपटलेली बाहुली. प्रत्येकाशेजारी फूटपट्टी. मी त्याच्या वरच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे बघायला पहिला नंबर माझा. मी हसून हसून बेजार झाले. मग सांडलेल्या दुधाचा फोटो आला. खिडकीचा उजेड, फरशीवर पसरलेलं दूध आणि त्याच्या कडेला चिमणीच्या पायाची बोटं. माझं हसू थांबलं. इतक्या चांगल्या फोटोत ही पट्टी कशाला घातलीस, असं मी विचारलं.

"ती नसली की वाटतं, मी हे उगाचच काढतोय."

मी चहा टाकायला गेले.

घोटाळा ऑफिसात झाला. एका चेपलेल्या टेम्पोच्या फोटोंबरोबर घरचे फोटोही पाठवले गेले. तिथल्या क्लार्कने मोबाइल लागेना म्हणून घरी फोन केला. फोन घेतला माझ्या भावजयीने. क्लार्कने भाबडेपणाने विचारलं, वहिनी, घरात बरंच नुकसान झालेलं दिसतंय, क्लेम करायचाय का?

माझी भावजय बँकेतली नोकरी सोडून पोरींसाठी घरी बसलेली बाई. तिने सगळे फोटो बघितले आणि नवऱ्याला एकच प्रश्न विचारला.

"मी घर सांभाळायला कुठे कमी पडते, त्याचा पुरावा गोळा करताय का?"

नाही म्हणायला काय जात होतं? पण हा शहाणा म्हणाला, "मला माहीत नाही." तो खोटं बोलत नाही, हाच त्याचा मोठा दोष आहे. त्या दिवसापासून तिने त्याच्याशी कामापुरतंच बोलायचं ठेवलं.

मला कोणाचं खरं मानावं तेच कळेना. आपलेच दात, आपलेच ओठ. तिचं ऐकलं की वाटायचं, बरोबर आहे, दिवसभर पोरींमागे धावायचं हिने आणि याला दिसतं काय तर सांडलेलं दूध! आणि याच्याकडे बघितलं की याचंही बरोबर वाटायचं, कारण इतक्या वर्षांनी त्याला काहीतरी परत सापडलं होतं आणि ते काय आहे हे त्यालाच सांगता येत नव्हतं.

शेवटी एका सकाळी तो कॅमेरा घेऊन वर आला. हा तुझ्याकडेच ठेव म्हणाला, आणि दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. बापामागोमाग पोरी वर निघाल्या, पोरींमागोमाग त्यांची आई. आणि चिमणी पायरीवर सपशेल आपटली.

गुडघा चांगलाच सोलवटला. आम्ही तिघंही धावलो. पण तिने गुडघ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि तशीच लंगडत बापापाशी आली. त्याच्या खिशातून फूटपट्टी उपसली. पायरीवर उजेडात पाय पसरून बसली आणि फूटपट्टी गुडघ्याशेजारी नीट धरली. हनुवटी थरथरत होती, पण डोळ्यांत पाणी नाही.

"बाबा, आधी फोटो काढ."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला तर त्या क्षणी त्याच्या दोन कानाखाली द्याव्याशा वाटल्या, आणि लगेच त्याला जवळही घ्यावंसं वाटलं.

भावजयीने पुढे होऊन चिमणीच्या हातातून फूटपट्टी काढून घेतली. ती हातातून सुटली मात्र, पोरीने जे भोकाड पसरलं, ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असेल. भावजयीने तिला मांडीवर घेतलं, गुडघ्यावर फुंकर घातली आणि मान वर न करता म्हणाली, "आता काढा."

रागाने म्हणाली की मनापासून, देव जाणे. तो माझ्याकडे बघायला लागला. मी आत गेले आणि कॅमेरा आणून त्याच्या हातात दिला.

तो फोटो आता माझ्या भिंतीवर आहे, केस वाळवतानाच्या फोटोशेजारी. त्याचा हात हललाय. भावजयीचा चेहरा अर्धाच आलाय, मागे थोरली कंटाळून कठड्याला लोंबकळते आहे आणि मधोमध चिमणीचं उघडं तोंड. ‘आता काढा’ असं ती तेव्हा रागाने म्हणाली का गं, असं तो अजून मला विचारतो. तिलाच विचार, म्हणते मी. अजून विचारलेलं नाही त्याने. पण चहाला आला की त्या फोटोपुढे उभा राहतो. गुडघा किती खरचटला होता, ते त्यात अजिबात कळत नाही.