धुतलेले दगड

अक्षर कोंबडीच्या पायाचं, शुद्धलेखन चौथीपुरतं, माफी असावी. नातीच्या पाटीवरून ओल्या खडूचा वास आला की केजच्या माळावर जमिनीत धातू शोधायला आलेले साहेब आठवतात. त्यांचे नमुन्याचे दगड मी दिवसभर डोक्यावर वाहिले आणि चिखल लागला म्हणून सांजच्याला हौसेनं धुऊन ठेवले. मुकादम ओरडला, "नंबर कावून पुसले? कोनता दगड कुठला, आता कसं कळायचं? तुजी हजेरी न्हाई!" दगडावर खडूनं लिहायचं यांनी आणि बोलणी मी खायची! मान वर न करता मी एकेक दगड उचलून सांगितलं, "ह्यो विहिरीजवळचा, ह्यो बाभळीखालचा, ह्यो लई जड, टेकडीवरचा." साहेबांनी वहीतल्या वर्णनाशी ताडून पाहिलं. सगळे बरोबर निघाले, हजेरी पुरी मिळाली. तरी अजून पाटी पुसण्याआधी मी विचारते, "पुसू का गं?" आणि नात वैतागते, "आजे, रोजच काय इचारतीस!"