आरोहीला फडावर नेलं

नेकनूरची सत्यभामा तोंडानं फटकळ, मनानं लोणी. लग्नाला बरीच वर्षं झाली, नवस-सायास झाले, पण कूस काही उजवली नाही. बायका टोमणे मारायच्या, तीही कुणाची उसनवारी ठेवायची नाही. एकीला तर भर हापशावर सुनावलं होतं, "तुला चार हायत, त्यातल्या एकाचा तरी शेंबूड पुसलाय का?"

शेवटी बीडच्या बालगृहातली सहा वर्षांची आरोही तिच्याकडं सांभाळायला दिली. दोन वर्षं नीट सांभाळली की दत्तक मिळेल, असं तिथल्या बाईसाहेबांनी सांगितलं होतं. आरोहीचे आईबाप तिला आजीपाशी ठेवून ऊस तोडायला गेले आणि ट्रॅक्टर उलटून तिकडंच संपले. मग आजीही गेली. त्यामुळं पोर सत्यभामेचा पदर सोडायची नाही. सत्यभामा वरवर करवादायची, "आगं, पळून चाललेय का म्या?" आणि आतून सुखावायची.

दिवाळी झाली. नवरा तानाजी मुकादमाकडं नाव देऊन आला. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या गड्याला कोण नेतो? सासू तुळजाबाई म्हणाली, "पोरगी ऱ्हाऊ दे माझ्यापशी. साळंत जाईल." हे ऐकलं आणि आरोहीनं ताटावरून हात काढून घेतला.

"न्हाई आत्या," सत्यभामा म्हणाली. "एकदा मागं ठिवलेलं लेकरू हाय ते. म्या न्हाई ठिवणार."

कुणाला विचारायचं असतं, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. आपलं लेकरू कुठं न्यायचं हे कुठली आई सरकारला विचारते?

पोर खोपीत राहिली, फडाच्या कडेला खेळली, आणि खरं सांगायचं तर लई खुशीत होती. इकडं बाईसाहेब तपासणीला आल्या. पोर शाळेत नाही, न विचारता परजिल्ह्यात नेलेली, तीही उसाच्या फडावर. कायद्याला याचा एकच अर्थ लागतो. तो बिचारा कधी खोपीत झोपलेला नसतो.

बीडच्या कार्यालयात सत्यभामा हात जोडून रडली. "कामाला न्हाई लावलं ओ तिला. कोयत्याला हातसुदिक लावू दिला न्हाई. तुमी म्हणाल तर उसाला जायचंच सोडते म्या." बाईसाहेबांचेही डोळे भरून आले, पण निर्णय होऊन गेला होता. आरोही परत बालगृहात, आणि पुढं दुसऱ्या कुणाच्या तरी घरी.

बालगृहाच्या दारात पोरीनं पदर मुठीत घट्ट धरला. खरं सांगायला सत्यभामेची जीभ उचलेना. कसंबसं हसू आणून ती म्हणाली, "जा माय आत. आठ दिसांत येते तुला न्यायला."

आरोहीनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि आपणहून मूठ सोडली.

"पैल्या आईनं बी असंच सांगितलं हुतं," ती म्हणाली, आणि एकटीच आत गेली.